बंदी हवीच, पण ती कारखान्याच्या दारात

“कोणी काय खावे हे ज्याचे त्याने ठरवावे, सरकारने मध्ये का पडावे?” असे म्हणणारे आपल्या वस्तीतही आहेत. आम्हाला हे पटत नाही. संविधानाचे कलम 47 लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. त्यामुळे सरकारने यात लक्ष घातले तर ते उपकार करत नाही.

काय खातो हे कळले, तरच निवड खरी. डालड्यासारख्या वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. चहासोबतच्या सुट्या टोस्ट-खारीवर घटकांची यादी नसते. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होते. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले घटवते आणि हृदयविकाराचा धोका वाढवते. डेन्मार्कने 2003 सालीच त्यावर मर्यादा घातली. आपल्याकडे जानेवारी 2022 पासून खाद्यतेल-तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थांत, एकूण स्निग्धांशाच्या 2 टक्क्यांहून जास्त ट्रान्स फॅट चालत नाही. कारखान्यातले तूप सुधारले की रोजमजुराच्या घरचा टोस्टही सुधारतो. घरच्या बाईला त्यासाठी काही शिकावे लागत नाही, जास्तीचे पैसे मोजावे लागत नाहीत.

मग गुटख्याचे काय? महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये त्यावर बंदी घातली. अन्नसुरक्षा कायद्यानुसार असा आदेश एका वेळी एक वर्षच टिकतो, म्हणून तो दरवर्षी काढावा लागतो. तरी अकोला-अमरावतीत परराज्यातून माल येतो, पकडला जातो, पुन्हा येतो. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्राही मिळतो. म्हणून बंदी उठवावी का? मुळीच नाही. ट्रान्स फॅटची कोणाला तलफ येत नाही, तंबाखूची येते. तलफेच्या मालाला चोरवाट सापडते. तिथे बंदीसोबत व्यसन सोडवणारी मदतही लागते.

आमचे म्हणणे एवढेच की, कारवाई साठेबाज आणि कारखानदारापर्यंत पोचली पाहिजे. पोटासाठी ठेला लावणाऱ्या आपल्याच भावाला दंड करून ती थांबू नये. बेकरी आणि फरसाणाच्या तेल-तुपाचे नमुने वस्त्यांतूनही घेतले जावेत.

बाकीचे काम आपले. विहारात आपण पाचवे शील घेतो, ते नशेपासून दूर राहण्याचे. मग विहाराच्या ओट्यावर खर्रा कसा चालतो? महिला मंडळांनी आणि तरुणांनी येत्या वंदनेला हा विषय काढावा. तंबाखू सोडायची असेल तर 1800-112-356 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. भेसळीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे 1800-222-365 वर करता येते. तक्रारच गेली नाही, तर वस्तीत सगळे ठीक आहे असेच कागदावर दिसेल.

जयभीम.