ऑलिव्ह ग्रीन? सॉरी बॉस, आधी रंग बदला!

एक सिंपल प्रश्न. आर्मीची जुनी गाडी विकत घेतलीत, घरी आणलीत, सोसायटीतली पोरं भोवती गोळा झाली. आता सगळ्यात आधी काय करायचं? फोटो? लोणावळा? चूक. सगळ्यात आधी तिचा हिरवा रंग घालवायचा! केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सरळ सांगतो, की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी. ज्या रंगावर जीव जडला, नेमका तोच रंग तुम्हाला अलाऊड नाही. घ्या!

तरीही फौजी गाडीचं फॅड काही कमी होत नाही. हिंजवडी, खराडीच्या कँटीनमध्ये कान देऊन बसा. शेअर्स, फ्लॅट, ऑनसाइट यांच्यामध्ये कुठून तरी ‘डिस्पोजलची गाडी’ हा विषय निघतोच. धोनीने २०१९मध्ये जोंगा घेतली, रांचीच्या रस्त्यावरचे तिचे फोटो सगळीकडे फिरले, आणि तोवर ज्यांना जोंगा म्हणजे एखादा डान्स वाटत होता तेही एक्स्पर्ट झाले. बाय द वे, जोंगा हे जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्लीचं शॉर्टफॉर्म आहे. मूळची निस्सान पेट्रोल, म्हणजे गस्त घालणारी पेट्रोल, इंधनवाली नव्हे. अर्थात इंधनाच्या बाबतीतही ती नावाला जागते. जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आणि ॲव्हरेज? लिटरला चार-पाच किलोमीटर मिळाले तर पेढे वाटा. पुण्याहून ताम्हिणीला जाऊन भजी खाऊन परत यायचं, तर पेट्रोलचेच अडीच-तीन हजार. भजी वेगळी.

जोंगाचं उत्पादन १९९९मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण जोंगाही आता पंचविशी ओलांडलेली, आपल्यासारखीच, फक्त गुडघे जास्त दुखणारी. मग येते जिप्सी. लेकी-जावयांसह सगळ्यांची लाडकी. १९८५ची एंट्री, २०१९मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद. आर्मीने २०१७मध्ये तीन हजारांहून जास्त सफारी स्टॉर्मची ऑर्डर दिली, तेव्हापासून ‘आता जिप्स्या बाहेर पडणार’ म्हणून मंडळी दबा धरून बसली आहेत. वजनाला हलकी, फोर बाय फोर, पुढे-मागे पाटे. खड्ड्यात कंबर मोडते, पण गाडी मोडत नाही. आणि काही महाभागांना शक्तिमानच हवा असतो, अख्खा ट्रक! १९५९पासून जर्मन ‘मान’ कंपनीच्या लायसन्सवर जबलपूरला बनलेला. त्यांना एवढंच सांगते, एकूण वजन साडेसात टनांच्या वर गेलं की कारचं लायसन्स चालत नाही, आणि पार्किंगचं सोसायटीच्या सेक्रेटरींना तुम्हीच समजवा.

माझा एक कॉलेजमित्र आहे. सॉफ्टवेअरमध्ये, सॉलिड पगार, बोनस नुकताच झालेला. त्याला जोंगाच हवी होती आणि त्याचं कारण फॅड नव्हतं. त्याचे वडील फौजेत ड्रायव्हर होते. साताऱ्याकडचे, सर्व्हिसची अर्धी वर्षं जोंगा आणि शक्तिमानवर गेलेली. त्यांना सत्तराव्या वाढदिवसाला जोंगाच्या स्टिअरिंगवर बसवायचं, असा पोराचा सरप्राइज प्लॅन. बायकोचं म्हणणं, तेवढ्या पैशात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईल. ती चूक नव्हती. गुडघ्याची तारीख दोनदा पुढे गेली होती, कारण काकाच म्हणत, ‘‘बघू पुढच्या वर्षी.’’

सरप्राइज तीन दिवस टिकलं. पुण्याबाहेर हायवेला लागून एका डीलरकडे गाडी आहे कळल्यावर काकाच म्हणाले, मी येणार. मग मीही गेले, कॉलमला विषय मिळतोय म्हणून.

गाडी दिसायला काय होती म्हणता! मॅट हिरवा रंग, पुढे विंच, दारावर पांढऱ्या स्टेन्सिलची अक्षरं. भाव साडेचार लाख. मित्राच्या चेहऱ्यावर तो भाव, जो पोरांच्या चेहऱ्यावर गणपतीत असतो. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. लाथ मारून टायर बघितला नाही, की बॉनेटवर हात फिरवला नाही. दुखऱ्या गुडघ्यासकट सरळ खाली झोपले. चेसिसवर किल्लीने थोडा रंग खरवडला. उठले, पँट झाडली आणि डीलरला म्हणाले,

‘‘हिचा नंबर हिचा न्हाई.’’

डीलर हसला. ‘‘आजोबा, पासिंग क्लिअर आहे, आरसी बघा.’’

‘‘आरसी बघितली. तीत पेट्रोल लिवलंय. बॉनेटखाली डिझेल इंजिन हाय. आन् चेसिसचा तुकडा वेल्डिंग केलाय, नंबर पंच केल्याची कड अजून ताजी हाय. पोरी, तू लिहितेस ना, लिही.’’

लिहिते, काका.

हा प्रकार काय आहे ते समजून घ्या, कारण साडेचार लाखांचा प्रश्न आहे. आर्मीची गाडी आपल्या आरटीओत नसतेच. तिची नोंदणी लष्कराकडे, नंबरप्लेटवर तो बाण असलेली. गाडी बाहेर पडली की आरटीओच्या दृष्टीने तिचा जन्मच व्हायचा असतो. त्यासाठी नियम ४७ मध्ये खास तरतूद आहे: माजी लष्करी गाडी असेल, तर संबंधित अधिकाऱ्यांचं मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१. मूळ. झेरॉक्स नाही, ‘साहेबांची सही झालीय, उद्या देतो’ नाही. हा कागद बऱ्याच गाड्यांचा नसतो. का? कारण डेपोतून गाड्या एकेक करून शोरूमसारख्या विकल्या जात नाहीत. दुरुस्ती परवडणार नाही असा शेरा पडला की त्या लॉटमध्ये लिलावाला येतात. असे लिलाव सरकारी एमएसटीसीच्या ऑनलाइन यंत्रणेतून होतात. नोंदणी करा, अनामत भरा, ‘जशी आहे जिथे आहे’ तत्त्वावर बोली लावा. बोली लावतात भंगारवाले. त्यांना लोखंड हवं असतं, तुमच्यासारखी रोमँटिक स्वप्नं नव्हे. भंगारातून एखादी उभी राहण्यासारखी गाडी बाजूला निघते, मग तिला कुठल्या तरी मेलेल्या गाडीची आरसी चिकटते. चेसिस कापून जोडला, नंबर पंच केला, रंग मारला, झाली जोंगा!

इंजिनचं तर वेगळंच. पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल बसवणारे बरेच. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल केलेल्या गाड्यांबद्दल कडक भूमिका घेतली. उद्या ॲक्सिडेंट झाला, तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारेल. तेव्हा आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः ताडून बघा, पेन्सिलने छाप घ्या, आणि शक्य असेल तर एखादा काका सोबत न्या. डीलरचा मिस्त्री नव्हे, तुमचा.

एक कायदेशीर पळवाट, सॉरी, राजमार्ग आहे. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी असेल तर ‘व्हीए’ सिरीजचा वेगळा नंबर मिळतो, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. सत्तरीच्या सुरुवातीच्या जोंगा आता या वयात बसतात. पण गंमत अशी, की ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, बस्स. भज्यांसाठी ताम्हिणी त्यात बसते का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकांनी सहज सांगितलं, की माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना लष्कराच्या वापरातून काढलेल्या गाड्या मिळण्याची पुनर्वसन संचालनालयाची योजना पूर्वीपासून आहे. मित्राने ब्रेकच मारला. ‘‘बाबा! मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? तुमच्या नावावर रीतसर अर्ज केला असता!’’

काका खिडकीबाहेर बघत होते. ‘‘कशाला? त्या गाडीत बसून आम्ही उतरायची वाट बघायचो. हिवाळ्यात पहाटे तीनला खाली आग पेटवून इंजिन गरम करायचं. हात चिकटायचे लोखंडाला. तू म्हणतोस मजा. मला तिचा नुसता आवाज आला तरी झोप उडती.’’

मित्र काहीच बोलला नाही. त्याच्या डोक्यातली जोंगा आणि वडिलांच्या आठवणीतली जोंगा या दोन वेगळ्या गाड्या होत्या, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. थोड्या वेळाने काकाच म्हणाले, ‘‘घ्यायचीच आसंल तर जिप्शी बघ. कागद बघून. तू चालव, मी शेजारी बसतो. गुडघा वाकला पायजे फक्त, ती चढायला उंच हाय.’’

गुडघ्याची तारीख या महिन्यात अठराला आहे, यावेळी काकांनी स्वतः फोन करून घेतलीय. त्या डीलरकडे मित्राने मूळ फॉर्म २१ मागितला होता. ‘मंगळवारी देतो’ म्हणाला. तीन मंगळवार झालेत, आणि काल बघितलं तर हिरवी जोंगा तिथून गायब. कोणी घेतली माहीत नाही. तुम्ही असाल, तर बॉनेट उघडा आणि आरसी हातात घ्या. आजच.