पडदा काळा झाला म्हणजे

संगणकाचा पडदा काळा झाला, की घरातील प्रत्येकजण वैद्य होतो. कोणी पेटीवर थाप मारतो, कोणी बटण दहा वेळा दाबतो, आणि अखेरीस सर्वांचे एकमत होते, "कार्ड गेले!" माझे मत असे, की ग्राफिक्स कार्ड इतक्या सहजी जात नाही; आधी जाते ती आपली सबुरी, आणि तिच्या पाठोपाठ घरातील पैसे.

आमचे बिऱ्हाड सुरतेत गोडादऱ्यास आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे या बाजूस राहतात. कोणी यंत्रमागावर, कोणी साड्यांच्या बाजारात. माझे थोरले बंधू साड्यांवरील भरतकामाची नक्षी संगणकावर आखतात. त्यासाठी सुटे भाग एकेक जमवून त्यांनी घरीच संगणक जोडला. कार्ड तेवढे आईच्या भिशीच्या पैशांतून आले. गेल्या उन्हाळ्यात पेटी खिडकीजवळ हलविली, आणि त्याच सायंकाळी पडदा उजळेना. सकाळी दहाच्या आत नक्षी द्यावयाची होती. एका दुकानदाराने पेटी न पाहताच निदान सांगितले : कार्ड जळाले, नवे घ्या. बंधू उधारीवर ते आणावयास निघालेही होते. तेव्हा आबा म्हणाले, "अरे, मागाचा धागा तुटला तर आम्ही माग विकतो का? आधी तारा पाहिल्यास?"

तारा पाहिल्या. पडद्याची केबल कार्डाच्या तोंडात नव्हतीच! हलविताना ती मदरबोर्डाच्या तोंडात बसली होती. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' असते, त्यात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नसते. तेथे केबल लावणे म्हणजे भिंतीत दिवा लावणे होय. केबल खालच्या तोंडात गेली आणि पडदा उजळला.

कोणी म्हणेल, हा योगायोग. पण स्वस्त गोष्टीवर आधी संशय घ्यावा व एका वेळी एकच बदल करावा, यात योगायोग कोठे आहे? केबल बदलून पाहणे फुकट आहे. मॉनिटर योग्य इनपुटवर आहे का, हे पाहणेही फुकट. त्यानंतर वीज. मदरबोर्डाची खाच कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट पुरविते. मोठ्या कार्डास पॉवर सप्लायमधून वेगळी तार लागते. सहा पिनांची तार आणखी 75 व आठ पिनांची 150 वॉटपर्यंत देते. ती लावावयाची राहिली, तर पंखा फिरूनही पडदा काळाच राहू शकतो. रॅमची पट्टी ढिली असली तरी तोच प्रकार; एकच पट्टी ठेवून पाहावे.

एक खूण मला फार उपयोगी वाटते. सुरू होताना मदरबोर्डाचे चिन्ह नीट दिसते आणि विंडोज आल्यावर अंधार होतो, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यावा. सेफ मोडमध्ये जाऊन तो काढून नव्याने बसवावा. चिन्हावरच पट्टे वा ठिपके दिसत असतील, केबल बदलूनही ते जात नसतील, आणि दुसऱ्याच्या संगणकातही तेच कार्ड तसेच वागत असेल, तर मात्र कार्ड खरेच आजारी आहे. तेव्हा नवे घेण्यात कमीपणा नाही.

आमच्या भागात आणखी एक शत्रू आहे. मागांवरून उडणारी तंतूंची लव पेटीत शिरते, पंख्यांवर साचते, आणि तापलेले कार्ड चालता चालता मान टाकते. पेटी उघडण्यापूर्वी विजेची तार काढावी, लोखंडी सांगाड्यास हात लावून अंगातील स्थिरविद्युत घालवावी, आणि धूळ फुंकताना पंख्याचे पाते बोटाने धरावे. (हे शेवटचे बंधूंनाही ठाऊक नव्हते.)

आमच्या शाळेने एखादा जुना, निकामी संगणक प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडा ठेवावा, असे मला आग्रहाने सुचवावयाचे आहे. पुस्तकातील आकृतीत कार्ड सदैव जागेवर बसलेले असते. ते किती जोराने बसते व कोणता खटका दाबल्याने सुटते, हे हातालाच कळते.

नक्षी साडेनऊला पोहोचली. मदरबोर्डाच्या त्या तोंडावर आईने आता कागदाची पट्टी चिकटविली आहे.