वालाचा साठा : शीतपेटीत की मडक्यात?

पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी दिंड्या येऊ लागतात, त्या सुमारास या भागातील वालाचे वेल शेंगांनी लगडलेले असतात. भाताची मळणी झालेली असते, नागली-वरई घरात आलेली असते आणि बांधावर, कुंपणावर व घराच्या छपरावर चढविलेल्या वेलांवरून रोज पाटीभर शेंगा निघतात. घरी खाऊन उरलेल्या शेंगा आमच्या भगिनी त्र्यंबकच्या किंवा हरसूलच्या बाजारात नेतात. त्या दिवसांत सर्वांचाच माल आलेला असल्यामुळे मिळेल त्या भावाने तो देऊन परतावे लागते. पुढे आषाढ-श्रावणात हातातील पैका लावणीत गेलेला असतो, रानभाजीवाचून दुसरे कालवण नसते, आणि तेच कुटुंब दुकानातून अर्धा-अर्धा किलो डाळ विकत आणते. घरची शेंग स्वस्तात देऊन दुकानची डाळ महागात घेण्याचा हा व्यवहार थांबवावयाचा असेल, तर माघातील वाल श्रावणापर्यंत टिकविता आला पाहिजे. तो कसा टिकवावा याविषयी आपल्या खात्यातील मंडळींत अलीकडे जे बोलले जाते, त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. म्हणून हा लेख.

सध्या प्रशिक्षणवर्गांतून शेंगा गोठवून ठेवण्याची पद्धत आवर्जून सांगितली जाते. पद्धत शास्त्रशुद्ध आहे याविषयी वाद नाही. कोवळ्या शेंगा त्याच दिवशी तोडून धुवाव्यात, शिरा काढाव्यात, आणि अर्धा किलो शेंगांस सुमारे चार लिटर या प्रमाणात खळखळ उकळत्या पाण्यात तीन मिनिटे बुडवाव्यात. सोललेले ओले दाणे असतील तर आकारमानाप्रमाणे दोन ते चार मिनिटे पुरतात. नंतर तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवून, पूर्ण निथळवून, हवा काढलेल्या पिशव्यांत भरून शून्याखाली १८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावे. असा माल आठ ते बारा महिने चांगला राहतो. उकळत्या पाण्यातून काढण्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. तोडलेल्या शेंगेतही विकरांचे कार्य चालूच राहते, आणि थंडीने ते मंदावले तरी थांबत नाही. कच्चीच गोठविलेली शेंग काही आठवड्यांत रंग व स्वाद गमावते आणि गवतासारखी लागते. क्लॅरेन्स बर्डसाय या अमेरिकन गृहस्थाने लॅब्राडॉरच्या बर्फाळ प्रदेशात ताजे मासे क्षणात गोठताना पाहून जलद गोठविण्याची कल्पना उचलली, आणि १९३० साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी असे गोठविलेले पदार्थ दुकानांतून विक्रीस आले. आज नाशिकच्या दुकानांत मिळणारा गोठविलेला मटार हा त्याच विद्येचा वारस होय.

परंतु ही विद्या पाड्यावर नेली तेव्हा काय झाले, ते मला सांगितलेच पाहिजे, कारण ती मीच नेली होती. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावरील महिला बचत गटाने माझ्या सांगण्यावरून जुनी शीतपेटी विकत घेतली. माघात आम्ही चाळीस किलोच्या आसपास शेंगा व दाणे विधिपूर्वक गोठविले. छायाचित्रे काढली, अहवाल गेला. आषाढातील वादळी पावसात वीज गेली ती चार दिवस आली नाही. भरलेली शीतपेटी झाकण न उघडता ठेवली तर सुमारे ४८ तास, आणि अर्धी भरलेली असेल तर २४ तास थंड राहते. ही गोष्ट मी वर्गात सांगावयास हवी होती, सांगितली नाही. भगिनींनी काळजीपोटी दुसऱ्याच दिवसापासून झाकण उघडून पाहण्यास आरंभ केला. चौथ्या दिवशी सगळा माल खताच्या खड्ड्यात गेला. मी भेटीस गेलो तेव्हा कोणी रागाने बोलले नाही. एक वयस्कर आजी एवढेच म्हणाल्या, "साहेब, मडक्यात ठेवले असते तर निम्मे तरी किड्याने ठेवले असते."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. त्यात माझ्या सल्ल्याचा निकाल तर होताच, पण मडक्याचाही होता. परंपरागत साठवणीत निम्मा वाल भुंगेऱ्यास द्यावा लागतो हे त्यांनी गृहीतच धरले होते. तेव्हा शीतपेटी वाईट आणि जुने ते सोने, असा निष्कर्ष काढून मोकळे होता येत नाही. माझे मत असे की, ज्या घरी पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही, त्या घरी वर्षाचे कालवण विजेवर ठेवू नये. तेथे आपण उन्हाचे व मडक्याचे शास्त्र सुधारून द्यावे. त्र्यंबकमधील खाणावळवाला किंवा नाशिकमधील नोकरदार कुटुंब यांनी खुशाल गोठवावे. (त्या गटाची शीतपेटी पुढे एका खाणावळवाल्यानेच निम्म्या किमतीस घेतली. त्याच्याकडे जनरेटर आहे, आणि ती तेथे उत्तम चालते.) मात्र एका दाराच्या साध्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा पुरेसा थंड नसतो. त्यात ठेवलेल्या शेंगा थोड्या आठवड्यांत संपवाव्यात.

आता उन्हाविषयी. माघ-फाल्गुनात आपल्याकडे हवा कोरडी असते आणि ऊन कडक असते. वाळवणास याहून चांगला काळ नाही. गोठविण्याच्या पद्धतीतील अर्धी क्रिया येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. ओले दाणे वाळविण्यापूर्वी तीन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकावेत आणि निथळून स्वच्छ कापडावर एकेरी थरात पसरावेत. वर पातळ मलमल घालावी, रात्री दवापूर्वी घरात घ्यावेत. असे दाणे कच्च्या वाळविलेल्या दाण्यांपेक्षा रंगाने हिरवट राहतात, त्यांचा स्वाद टिकतो आणि भिजविल्यावर ते लवकर शिजतात. यास खर्च केवळ सरपणाचा आहे. ज्या भगिनींनी शीतपेटीसाठी हे शिकून घेतले होते, त्यांची ती मेहनत एवढ्यापुरती तरी वाया गेलेली नाही.

जून झालेल्या, वेलावरच वाळलेल्या वालाचा प्रश्न निराळा आहे आणि खरे नुकसान तेथेच होते. पुष्कळांची समजूत अशी की कीड मडक्यात उत्पन्न होते. वस्तुतः कडधान्यावरील भुंगेरा शेतातच वाळत्या शेंगांवर अंडी घालतो आणि तो माल आपणच घरी आणतो. दाण्यास चिकटलेले पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी होत. अळी आत शिरून दाणा पोखरते आणि गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. उबदार हवेत ही पिढी सुमारे महिन्याभरात पुरी होते आणि एक मादी शंभरपर्यंत अंडी घालू शकते. फाल्गुनातील दहा-वीस भुंगेऱ्यांचे श्रावणापर्यंत काय होते, याचा हिशेब वाचकांनीच करावा. यास्तव शेंगा वेलावर फार दिवस वाळत ठेवू नयेत. झोडपणी लवकर करावी आणि दाणा दातांखाली कट्‌कन फुटेपर्यंत कडक उन्हात वाळवावा. दात रुतला तर अजून एक-दोन दिवसांचे ऊन हवे. वाळलेला दाणा ऊन असतानाच भरू नये. तो सावलीत निववून मगच भांड्यात घालावा, नाही तर आत घाम धरतो.

भांड्यात घातल्यावर रक्षणाचे तीन उपाय आमच्या आवाक्यातील आहेत. पहिला राखेचा. तो घरोघर होतो, पण बहुतेक ठिकाणी मडकेभर वालास दोन मुठी राख घालतात आणि मग राख निरुपयोगी ठरवितात. राखेने दाण्यांमधील फटी भरल्या पाहिजेत, म्हणजे भुंगेऱ्यास हिंडता येत नाही. त्यासाठी चार मापे दाण्यास तीन मापे चाळलेली, पूर्ण निवलेली राख लागते आणि वर बोटभर राखेचा थर द्यावा लागतो. चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरी एवढी राख जमविण्यास पौषापासूनच आरंभ करावा.

दुसरा उपाय तेलाचा. किलोभर दाण्यास चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर खाण्याचे तेल हाताने सारखे चोळावे. अंडी त्याने गुदमरतात. थोड्या प्रमाणात साठविणाऱ्या घरी हा सर्वांत सोपा.

तिसरा उपाय हवाबंद भांड्याचा. भांडे काठोकाठ भरून झाकणाची फट मेणाने किंवा चिकटपट्टीने बंद केली, की आतील किडे आतली हवा वापरून संपवितात आणि स्वतःच मरतात. आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळीसाठी १९८०च्या दशकात तिहेरी पिशवी तयार झाली ती याच तत्त्वावर, आणि पुढे तिचा प्रसार अनेक देशांत झाला. येथे पथ्य एकच : भांडे दोन महिने उघडू नये. म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी लहान-लहान चार डबे करावेत आणि एकेक क्रमाने फोडावा.

दोन गोष्टींची मनाई मात्र स्पष्ट शब्दांत केली पाहिजे. धान्यात टाकण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसे मारतो. आणि ओल्या शेंगा किंवा दाणे पाण्यात उकळून बाटलीत बंद करून ठेवण्याचा प्रयोग कोणी करू नये. लोणच्याप्रमाणे यांत आंबटपणा नसतो, आणि साध्या उकळीने न मरणारे जंतू अशा बंद बाटलीत विष तयार करतात. ते दिसत नाही, वासानेही कळत नाही.

बियाण्याचा वाल खाण्याच्या वालापासून पहिल्या दिवशीच वेगळा काढावा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणे जपल्याबद्दल, आणि त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याचे अनेक वाण आहेत. आपल्या पाड्यांवरही कोणाकडे लाल दाण्याचा, कोणाकडे काळ्या दाण्याचा, कोणाकडे रुंद शेंगेचा वाल आढळतो. तो एका पावसाळ्यात किडला तर दुकानात पुन्हा मिळणारा नाही. गंमत अशी की, शीतपेटीचे पाड्यासाठी खरे काम मला येथे दिसते. चांगले वाळविलेले दोन-तीन किलो बियाणे घट्ट पिशवीत बांधून शून्याखाली १८ अंशांत किमान चार दिवस ठेवले, तर अंडी-अळीसह भुंगेरा मरतो. मग पिशवी न उघडता बाहेर ठेवून पूर्ण निवारा येऊ द्यावा, म्हणजे दाण्यावर दव धरत नाही, आणि नंतर डब्यात बंद करावे. चार दिवस वीज माघात तरी राहते. त्यासाठी शीतपेटी विकत घेण्याची गरज नाही. त्र्यंबकमध्ये ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याकडून एक कप्पा मागून घ्यावा.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या बंधू-भगिनींना एक विनंती आहे. साठवणुकीचे प्रात्यक्षिक माघात होते आणि त्याचा अहवालही माघातच पुरा होतो. तेव्हा तर प्रत्येकाचाच वाल चांगला असतो. येत्या माघात त्याच पाड्यावर, त्याच गटाच्या संमतीने, आम्ही वालाची चार मडकी भरणार आहोत : एक राखेचे, एक तेलाचे, एक तोंड मेणाने बंद केलेले आणि एक नेहमीच्या रीतीचे. प्रत्येकात पाच किलो वाल राहील. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात ती सर्वांसमक्ष उघडून, प्रत्येकातील शंभर दाणे मोजून, भोक पडलेले किती ते त्या आजींच्या हातानेच वेगळे काढविणार आहोत. शेजारच्या गावांतील कार्यकर्त्यांनी त्या दिवशी यावे, आणि शक्य तर आपापल्या गावचे एक मडके बरोबर आणावे.