थंडीचे दिवस आणि घरचा कुत्रा

मार्गशीर्ष लागला, कीं घरोघरीं पेटींतले लोकरीचे कपडे उन्हांत पडतात, फुटलेल्या ओठांना कोकमाचें तेल लागतें, आणि दाराशीं बसणाऱ्या कुत्र्याकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. "त्याला कसली थंडी? त्याच्या अंगावर केंस आहेत!" असें म्हणून आपण मोकळे होतों. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायीं मुक्या जनावराचे हाल होतात, असें माझें मत आहे.

पामेरियन किंवा अल्सेशियन जातीच्या कुत्र्याच्या अंगावर केंसांचे दोन थर असतात. वरचे केंस राठ व लांब. त्यांखालीं मऊ, दाट लव. ऊब राहते ती त्या लवेंत कोंडलेल्या हवेमुळें. केंसांचा गुंता होऊन नमदा बनला, कीं हवेला जागा उरत नाहीं. ओल मात्र आंत मुरते. म्हणून हिवाळ्यांत अशा कुत्र्याचे केंस भादरूं नयेत हें जितकें खरें, तितकेंच ते नित्य विंचरावेत हेंही खरें.

हें मी अनुभवानें लिहितों. आमच्या घरीं मोती नांवाचा पांढरा पामेरियन होता. एके वर्षीं पौषांत, पाहुणे येणार म्हणून मीं त्याला सायंकाळीं कपड्यांच्या साबणानें न्हाऊं घातलें, वरवर पुसलें आणि ओटीवर बांधलें. रात्रभर तो कुडकुडत होता. पुढें कित्येक दिवस तो कानामागें खाजवी, आणि मी त्याला रागें भरत असें. अखेर जनावरांच्या डॉक्टरांनीं तेथील गुंता कात्रीनें कापला, तेव्हां खालीं लाल, ओली कातडी, आणि तिच्यावर गोचिडींची ओळच्या ओळ! वरून मात्र तो पांढराशुभ्र दिसत होता. डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं माझें बोट धरून त्या जागेवर टेकविलें. ती जागा निखाऱ्यासारखी तापली होती.

थंडींत गोचिडी नसतात, ही समजूत खोटी आहे. आपल्याकडील तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत राहून हिवाळाही काढते, आणि तिच्या चाव्यानें येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतूं शकतो. कित्येक लोक तिच्यावर घासलेट चोळतात. तें रोगापेक्षांही वाईट, कारण त्यानें कातडी पोळते, आणि कुत्रा तें चाटून पोटांतही घेतो.

स्नानाविषयीं लोकांत दोन पक्ष आहेत: एक दर रविवारीं न्हाऊं घालणारा, दुसरा दिवाळीपासून होळीपर्यंत पाणीच न दाखविणारा. मला दुसरा पक्ष कमी घातक वाटतो. कुत्र्याची कातडी आपल्याहून पातळ. कोरड्या हवेंत वारंवार साबण लाविल्यानें तिचें तेल जाऊन कोंडा होतो. न्हाऊं घालावयाचेंच, तर आधीं गुंता सोडवावा, कारण भिजलेला गुंता अधिकच आवळतो. मग भर दुपारीं, कोमट पाण्यानें न्हाऊं घालून मुळांपर्यंत कोरडें करावें.

अर्थात् सर्वांस एक नियम लागत नाहीं. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें ज्याचें चित्र तिकिटावर छापलें, त्या मुधोळच्या शिकारी कुत्र्याचे केंस आंखूड, अंगावर चरबी थोडी. निफाडच्या थंडींत पहांटे त्याला झूल घातली, तर तो कांहीं लाड नव्हे.

आतां पालकांस एक विनंती. हें काम गड्याकडे सोंपवूं नये. ज्या मुलानें हट्ट करून पिलूं आणविलें, त्यालाच द्यावें. शाळेंतून आल्यावर दहा मिनिटें पुरतात. प्रथम बोटें फिरवावींत, कानांमागें, कांखेंत, शेपटीच्या मुळाशीं, पायांच्या बोटांमध्यें, फणी त्यानंतर. दहा मिनिटांनीं कोणाचा अभ्यास बुडाल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

मोती त्या हिवाळ्यांतून बरा झाला. पुढें पुढें फणी दिसतांच तो आपण होऊन कुशीवर पडे. मात्र त्या कानाला हात लागला, कीं शेवटपर्यंत तो अंग चोरी.