सममितीची हमी

छायाचित्रापासून शोभादर्शकी आकृती करणे आता कोणालाही जमते. फोटोशॉपमध्ये किंवा विनामूल्य मिळणाऱ्या गिम्पमध्ये छायाचित्राची साठ अंशांची एक फाक कापायची, तिची प्रत आरशातल्यासारखी उलटवून शेजारी जोडायची आणि ही जोडी एकशेवीस अंशांनी दोनदा फिरवून वर्तुळ पुरे करायचे. मूळ छायाचित्र कसेही असो, आकृती देखणीच निघते. माझा आक्षेप आहे तो या हमीला.

डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१७ मध्ये शोभादर्शकाचे पेटंट घेतले. (नकला इतक्या झाल्या, की त्याच्या हाती फारसे काही लागले नाही.) त्या नळीत काचांचे तुकडे असत, आपणही लहानपणी फुटक्या बांगड्याच घालत होतो. बांगडीचा तुकडा नळीत पडतो तेव्हा त्याचे बांगडीपण आधीच संपलेले असते, उरतो तो केवळ रंग. छायाचित्राचे तसे नाही. ते कशाचे तरी असते, कुठल्या तरी क्षणाची साक्ष देत असते. दुष्काळात तडकलेल्या जमिनीचे छायाचित्र या यंत्रणेत घातले, की भेगांची रांगोळी होते. जमीन नाहीशी होते आणि आपण ‘वा!’ म्हणतो. कवितेत यमकाच्या सोयीसाठी अर्थ मुरडला, तर आपण वर्गात त्यावर लाल रेघ ओढतो. येथे मात्र तोच प्रकार सर्जनशीलता म्हणून मिरवतो.

म्हणून आरसे टाकून द्यावेत, असे मात्र नाही. ॲल्विन लँग्डन कोबर्न याने १९१७ च्या सुमारास लंडनमध्ये तीन आरशांचा त्रिकोण कॅमेऱ्याच्या भिंगापुढे धरून छायाचित्रे काढली. एझरा पाउंड या कवीने त्या साधनाला ‘व्होर्टोस्कोप’ असे नाव दिले, आणि पाउंडचा चेहराही त्यातून टिपला गेला. या चित्रांत लाडिक सममिती नाही. कडा एकमेकींना छेदतात, आकार तुटतात. वस्तू ओळखू येईनाशी होते, पण डोळ्यांना सुखावून गप्प बसवले जात नाही.

सॉफ्टवेअरमध्येही निर्णयाला जागा आहे: फाक कुठून कापायची, केंद्र कुठे ठेवायचे. सहांपैकी एखादी फाक न उलटवता तशीच जोडून पाहावी. तिच्या दोन्ही कडांशी रेषा जुळत नाहीत, रांगोळी तिथे मोडते, आणि भेग पुन्हा भेग दिसू लागते.