विहाराची किल्ली कोणाकडे आहे?

गेल्या महिन्यात मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका वस्तीतले पाच-सहा तरुण कार्यकर्ते आमच्याकडे आले. मोर्चात सर्वांत पुढे असणारी, चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला रात्रभर पाणीवाटप करणारी ही पोरे. त्यांच्या हातात टाईप केलेले निवेदन होते. वस्तीतल्या एका खोलीत दर बुधवारी आणि रविवारी ख्रिस्ती प्रार्थना चालते, ती पोलिसांनी ताबडतोब बंद करावी, अशी मागणी होती. आमची सही हवी होती.

आम्ही निवेदन वाचले. 'आमिष', 'परकीय पैसा', 'धर्मांतराचा कट' हे शब्द होतेच. तिसऱ्या परिच्छेदात 'आमच्या भोळ्याभाबड्या हिंदू भगिनींना' असेही होते. आम्ही विचारले, अरे, या हिंदू भगिनी कोण? तुमच्या आया-बहिणी बौद्ध आहेत ना? पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. चौकशी केली तेव्हा कळले की मसुदा शेजारच्या गल्लीतल्या एका संस्कृतिरक्षक मंडळाने लिहून दिला होता आणि सह्या गोळा करायचे काम मात्र आमच्या पोरांकडे सोपवले होते. काम करायला आमची पोरे आणि लेखणी त्यांची, हा प्रकार या देशात नवा नाही.

आम्ही सही केली नाही. पोरे नाराज होऊन गेली. त्यांच्याशी तेव्हा नीट बोलणे झाले नाही, म्हणून आज हे लिहीत आहोत.

निवेदनावर सही केली नाही, पण ती खोली पाहायला आम्ही गेलो. दहा बाय पंधराची जागा, वर पत्रा, खाली प्लास्टिकची चटई. तीसेक बायका, चार-दोन म्हातारे, आईच्या मांडीवर झोपलेली मुले. एक तरुण ब्रदर आणि त्याची बायको. ढोलकी आणि टाळ्यांवर गाणी झाली, मग एकेक बाई उठून 'साक्ष' देऊ लागली. कोणाच्या नवऱ्याची दारू कमी झाली, कोणाच्या मुलाला काम लागले. प्रत्येकीचे सगळ्या जणी शांतपणे ऐकून घेत होत्या. तासाभरात तांदळाचे पोते दिसले नाही की डॉलरची नोट दिसली नाही. उलट शेवटी एक पिशवी फिरली आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांनीच त्यात दहा-वीस रुपये टाकले.

त्या बायकांत एक आमच्या ओळखीची निघाली. विहाराच्या पायाभरणीच्या वेळी डोक्यावर विटा वाहणारी ही बाई. आम्हाला पाहून ती थोडी संकोचली, "जयभीम दादा" म्हणाली, आणि बाहेर आल्यावर आम्ही न विचारताच बोलू लागली. नवऱ्याला टीबी झाला होता. सात महिने अंथरुणाला होता. "दादा, खोटं कशाला बोलू? सात महिन्यांत आपल्या माणसांतली फक्त मंडळाची पोरं दारात आली, जयंतीची वर्गणी मागायला. ही ब्रदरची बायको रोज यायची. अंडी आणायची, गोळ्या घेतल्या का विचारायची. शिवडीच्या दवाखान्यात दोनदा सोबत आली. मी बाप्तिस्मा घेतला नाही. घरात बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो आहे, तो काढणार नाही. पण इथं बसलं की रडता येतं."

याला आमिष म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मग आजाऱ्याची विचारपूस हेच आमिष ठरेल आणि ते देण्यापासून आपल्याला कोणी अडवले होते, याचे उत्तर द्यावे लागेल.

गरीब माणूस पैशाला, तांदळाला भुलून धर्म बदलतो, त्याला स्वतःची अक्कल नसते, हा आरोप आम्हाला चांगला ओळखीचा आहे. बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि सगळा सनातनी समाज हेच बोलू लागला. 1936 साली जॉन मॉट या मिशनऱ्याशी बोलताना गांधीजींनी, धर्माची शिकवण समजण्याच्या बाबतीत काही अस्पृश्य गाईहूनही कमी आहेत, अशा अर्थाचे विधान केले होते. 'भोळ्याभाबड्या भगिनी' हे त्याच विधानाचे आजचे सभ्य रूप आहे. ज्या समाजाने 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंच्या संख्येने धर्म बदलला, त्यासाठी हातातल्या सवलती गमावल्या आणि केंद्राच्या सवलती परत मिळवायला 1990 उजाडावे लागले, त्या समाजाच्या पोरांनी आपल्याच आईला अडाणी ठरवणाऱ्या कागदावर सह्या गोळा कराव्यात, याचे आम्हाला दुःख वाटते.

आता कायद्याचे पाहू. धर्मांतरविरोधी कायदे ख्रिस्ती आणि मुसलमानांसाठी आहेत, आपल्याला काय त्याचे, असा समज आपल्या काही शहाण्यांनी करून घेतला आहे. गुजरातमध्ये 2003 चा असा कायदा आहे. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या गृहखात्याने परिपत्रक काढून बजावले की बौद्ध हा स्वतंत्र धर्म मानावा आणि हिंदूला बौद्ध व्हायचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी. एरवी बौद्धांना हिंदू धर्माचा पंथ म्हणणाऱ्यांना परवानगीच्या वेळी मात्र बौद्ध धर्म वेगळा दिसला! दिल्लीत 5 ऑक्टोबर 2022 रोजी दीक्षा समारंभात बावीस प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. तिथे हजर राहिले म्हणून ओरड झाली आणि राजेंद्र पाल गौतम यांना चार दिवसांत मंत्रिपद सोडावे लागले. बाबासाहेबांनी स्वतः दिलेल्या प्रतिज्ञा म्हणणे हा गुन्हा ठरू लागला असेल, तर ब्रदरच्या खोलीला लागलेले सील उद्या विहाराच्या दाराला लागायला किती वेळ लागणार? महाराष्ट्रातही 2025 च्या फेब्रुवारीत सरकारने अशाच कायद्याची चाचपणी करायला समिती नेमली होती, हे त्या पोरांना माहीत नव्हते. घटनेचे 25 वे कलम त्या ब्रदरलाही लागू आहे आणि आम्हालाही.

आणि ज्या 'लाटे'ची भीती दाखवली जाते तिचे आकडेही पाहावेत. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण 1.1 टक्का होते, 2011 च्या जनगणनेत 0.96 टक्के. आपण बौद्ध मात्र याच दहा वर्षांत 6 टक्क्यांवरून 5.81 टक्क्यांवर आलो. आपले ते टक्के ब्रदरने पळवले नाहीत. जनगणनेच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायला आपणच कुठे कमी पडलो, हा विषय वेगळा आहे आणि त्यावर पुन्हा कधीतरी लिहू. कागदावर एक आणि रविवारी दुसरे अशी माणसे असतात, हे आम्हाला मान्य आहे. पण त्याचे कारणही कायद्यात आहे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू, शीख, बौद्ध यांच्याशिवाय कोणी अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. बाप्तिस्मा घेतला की मुलाची शिष्यवृत्ती गेली. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 च्या अहवालात हा परिच्छेद काढून टाकायला सांगितले. 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. या प्रश्नावर चळवळीत दोन मते आहेत. आमचे मत असे की जात चर्चमध्येही सोडत नसेल तर संरक्षणही सुटू नये, मात्र आरक्षणाची टक्केवारी वाढवल्याशिवाय एकाच भाकरीचे तुकडे पाडण्याला आमचा विरोध राहील.

याचा अर्थ त्या खोलीत चालते ते सगळे आम्हाला पटते, असा कोणी काढू नये. प्रार्थनेने रोग बरा होतो हे आम्हाला मान्य नाही. त्या दिवशी एका साक्षीत एक बाई म्हणाली की प्रभूने साखर बरी केली, आता गोळ्या बंद केल्या आहेत. ब्रदर हालेलुया म्हणाला. आम्ही त्याला बाहेर गाठून सांगितले की हिच्या पायाला उद्या जखम झाली तर जबाबदार तू राहशील, पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर तिला गोळ्या सुरू करायला सांग. तो वरमला. हीच चंगाई एखाद्या बुवाने केली असती तर आम्ही त्याला सोडले नसते, मग ब्रदरला का सोडावे? महिना आठ हजार कमावणाऱ्या मोलकरणीकडून दशमांश मागणेही आम्हाला खटकते. आणि वस्तीवर बुलडोझर येतो तेव्हा हा ब्रदर प्रार्थना करतो, मोर्चात येत नाही.

बाबासाहेबांनी हेच पाहिले होते. 1938 च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर त्यांनी मोकळेपणाने सांगितले की बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचा आपल्यावर प्रभाव पडला आहे. त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमधला जातिभेद त्यांनी दाखवून दिला आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध राजकीय लढा देत नाही, अशी कानउघाडणीही केली. भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेला आपल्या चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे धोरणात लिहून कबूल करायला 2016 साल उजाडले. म्हणजे बाबासाहेबांनंतर 78 वर्षे.

पण आमच्यावरचे ऋणही आम्ही नाकारणार नाही. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुलींची शाळा कशी चालते हे त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनच्या मिस फॅरारबाईंकडे पाहिले. मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीने 1855 साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो छापला मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'ने. पुण्यातल्या शास्त्रीबुवांचा एकही कागद त्यासाठी खर्ची पडला नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण खरे बोलायचे ते इथेच आहे. त्या वस्तीत आपले विहार आहे. आमदार निधीतून फरशी बसली, बाहेर संगमरवरी पाटी आहे आणि पाटीवर बुद्धाच्या नावापेक्षा आमदाराचे नाव मोठे आहे. दाराला कुलूप आहे. बुद्धपौर्णिमा, 14 एप्रिल, 6 डिसेंबर आणि अशोक विजयादशमी, असे वर्षातून चार दिवस ते उघडते. बाकीचे दिवस पायरीवर कुत्री झोपतात. किल्ली कोणाकडे आहे, असे आम्ही विचारले तर उत्तर मिळाले की दोन कमिट्या आहेत, वाद धर्मादाय आयुक्तांकडे गेला आहे, आणि किल्ली जुन्या अध्यक्षांकडे आहे, ते आता बदलापूरला राहतात.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात किसा गोतमीची कथा घेतली आहे आणि आजारी भिक्खूचीही. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः त्याला धुतले, खाटेवर नीट निजवले. मग इतर भिक्खूंना विचारले, याच्याकडे कोणी का पाहिले नाही? भिक्खू म्हणाले, तो आमच्या काही उपयोगाचा नव्हता. ही कथा वर्षावासात आपण दरवर्षी वाचतो. टीबीने खंगलेला तो माणूसही ना मतदानाच्या उपयोगाचा होता, ना वर्गणीच्या.

आपल्याकडे ईश्वर नाही, नवस नाही, चमत्कार नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. पण नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला आपण बावीस प्रतिज्ञांचे पत्रक देतो आणि भाषण ऐकवतो, तेही माईकवरून. आपल्या पोराला 'बटना'च्या गोळ्यांची सवय लागली हे ती कोणाला सांगणार? भंतेजी तीन महिन्यांतून एकदा येतात, पुढाऱ्याला वेळ नाही, महिला मंडळाची बैठक निवडणुकीच्या आधी होते. ब्रदरची बायको मात्र तिच्या मुलाचे नाव, त्याची इयत्ता, त्याला कुठली भाजी आवडत नाही हे सगळे जाणते. यात कोणता परकीय पैसा लागतो?

आम्ही त्या ओळखीच्या बाईला विचारले, विहार बुधवारी उघडले तर याल का? ती म्हणाली, "पाच वाजता काम सुटतं. साडेपाचला येईन. पण दादा, भाषण नको."

निवेदन घेऊन आलेल्या पोरांपैकी दोघे परवा पुन्हा आले. रागात होते, पण आले. निवेदनाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. एकाने विचारले, टीबीच्या गोळ्या कोण कोण घेतेय याची यादी आरोग्य केंद्रातून मिळेल का? आम्ही म्हटले, यादी ते देणार नाहीत आणि देऊही नये, तुम्ही घरोघर जा. येत्या रविवारी ते दोघे बदलापूरला जाणार आहेत, जुन्या अध्यक्षांकडे. आम्हीही सोबत जातो आहोत. किल्ली मिळाली तर बुधवारी साडेपाचला विहार उघडेल. नाहीच मिळाली, तर पायरीवरच्या कुत्र्यांना उठवून तिथेच चटई टाकू.