हात गळ्यात, जीव हँडलवर!

सायकलवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक फोटो हमखास असतो. हॉस्पिटलचा बेड, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताचा अंगठा वर आणि खाली कॅप्शन, ‘बॅक सून!’ मग त्यावर धडाधड कमेंट्स. ‘गेट वेल सून, चॅम्प’, ‘सायकलला काही झालं नाही ना?’ (हा प्रश्न विनोद म्हणून विचारलेला असतो, पण पडल्यावर पेशंटनेही पहिला तोच विचारलेला असतो.) दोन दिवसांनी ग्रुप पुढच्या रविवारच्या राइडच्या गप्पांना लागतो. आणि तो गळ्यात हातवाला? तो रात्री दोन वाजता पाठीशी चार उशा लावून, अर्धवट बसून, झोपेची वाट बघत असतो. कॉलरबोन मोडली की आडवं पडणंसुद्धा अवघड होतं, हे फोटोत दिसत नाही.

सायकलवरून पडणाऱ्याचा खांदाच का जातो, याचं उत्तर साधं आहे. पडताना माणूस हात पुढे टाकतो, किंवा थेट खांद्यावर आपटतो. दोन्ही वेळेला धक्का जातो तो गळ्याखालच्या त्या आडव्या, बारीकशा हाडाकडे. हेच हाड हाताला छातीच्या पिंजऱ्याशी जोडतं आणि बहुतेक वेळा ते मधोमध मोडतं. मोठ्या माणसाचं हे हाड जुळून यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. हाडाचे तुकडे फार सरकले असतील तर प्लेट आणि स्क्रू. हे सगळं डॉक्टर सांगतात. न सांगितलं जाणारं असं, की हाड जुळणं आणि सायकल चालवता येणं या दोन वेगळ्या तारखा आहेत!

कोणी म्हणेल, ते टीव्हीवरचे रेसवाले तर लगेच उठून पळतात. पळतात खरे. पण रेम्को इव्हेनपूलचं बघा. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायल आणि रोड रेस अशी दोन्ही गोल्ड मेडल्स घेणारा हा बेल्जियन पठ्ठ्या. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तो बेल्जियममध्ये प्रॅक्टिस करत होता आणि पोस्टाच्या एका गाडीचं दार अचानक समोर उघडलं. बरगडी, खांद्याचं मागचं पसरट हाड आणि हात, तिन्हीकडे फ्रॅक्चर. शिवाय कॉलरबोन जागेवरून सरकलेली. तो पुन्हा रेसमध्ये उतरला १८ एप्रिल २०२५ला, आणि ती ब्राबांत्से पेल नावाची रेस त्याने जिंकलीसुद्धा. सही आहे, पण मधला काळ मोजा. साडेचार महिने! दिमतीला डॉक्टर, फिजिओ, मसाज करणारे; ऑफिस नाही, अप्रेझल नाही, आणि वय जेमतेम पंचवीस. सहाव्या आठवड्यात सिंहगडाच्या पायथ्याला जायचे मनसुबे रचणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा.

(जाता जाता, गाडीचं दार उघडताना दाराजवळच्या हाताने नाही, लांबच्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते आणि कोणाची तरी कॉलरबोन वाचते. कॅबमधून उतरतानाही.)

माझी एक मैत्रीण पावसाळ्यात चेंबरच्या ओल्या झाकणावरून घसरली. औंध ते हिंजवडी रोज सायकलने जाणारी मुलगी. डावी कॉलरबोन, शिवाय मानेला झटका. ऑपरेशन लागलं नाही, पण घरात जे रामायण झालं ते ऑपरेशनपेक्षा मोठं होतं. आई म्हणाली, ‘अगं, विकून टाक ती सायकल. तुला काय कमी आहे? स्कूटर घे, कॅब कर.’ मामांनी हाडवैद्याचा पत्ता आणला. शेजारच्या काकूंनी स्वतःचा मानेचा पट्टा धुऊन, वाळवून आणून दिला. आपल्याकडे मानेचा पट्टा पापडाच्या लाटण्यासारखा अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरतो!

हा पट्टा मात्र तिने परत केला आणि ते बरं झालं. मानेला झटका बसलाय, पण एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं किंवा सरकलेलं नाही, अशा वेळी पट्टा लावून मान आवळून ठेवायचा सल्ला आता सहसा देत नाहीत. मान जेवढी हलवता येईल तेवढी, हळूहळू, पहिल्यापासून हलवायची. खांद्याचंही तेच. स्लिंग डॉक्टरांनी सांगितली तेवढेच दिवस; भीतीपोटी वर महिनाभर लटकवून ठेवली तर सांधा आखडतो, आणि फ्रोझन शोल्डर हा फ्रॅक्चरपेक्षा चिवट पाहुणा. महिनेच्या महिने मुक्काम ठोकतो. म्हणून फिजिओ पहिला व्यायाम देतात तो दिसायला अगदीच बावळट असतो. टेबलाला एक हात टेकवून वाकायचं, दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडायचा आणि अंग हलवून तो झुलवायचा. बस! माझ्या मैत्रिणीला वाटलं, याचे पैसे घेतात? तीन आठवड्यांनी स्वतःची वेणी स्वतः घालता आली तेव्हा तिचं मत बदललं.

आता माने‌कडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ताठ बसलात तर ते मणक्यांवर आरामात तोललं जातं. पण रोड बाइकवर पाठ आडवी होते आणि समोरचा रस्ता दिसावा म्हणून मान मात्र वर उचलावी लागते. म्हणजे तो पाच किलोचा गोळा मानेच्या मागच्या स्नायूंनी सतत उचलून धरायचा. अमेरिका आडवी पार करणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये १९८३ साली मायकेल शर्मर या सायकलपटूच्या मानेच्या स्नायूंनी सरळ संपच पुकारला. डोकं वर उचलेचना! तेव्हापासून या प्रकाराला ‘शर्मर्स नेक’ असंच नाव पडलं. सुमारे ४,८०० किलोमीटरची ही रेस २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. तिथे पायांइतकीच परीक्षा मानेची असते.

आपण काही अमेरिका पार करणार नाही, मान्य. पण दिवसाचे नऊ तास लॅपटॉपसमोर बसून आपण नेमकं काय करतो? डोकं पुढे, हनुवटी वर, खांदे कानाशी. म्हणजे सकाळी सायकलवर जे स्नायू दमले, त्यांनाच दिवसभर ओव्हरटाइम! दुखापतीनंतर पहिल्या राइडला मान धरली की सगळे सायकलला शिव्या देतात. टेबलावरच्या त्या खाली ठेवलेल्या स्क्रीनला कोणी काही बोलत नाही. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा आणि लॅपटॉपची बॅग खांद्यावरून काढून कॅरिअरला लावा. हे दोन बदल केले नाहीत तर बाकीचं सगळं वाया.

परतायचं कधी? कॅलेंडर बघून नाही. एक्स-रे बघून डॉक्टरांनी हो म्हणायला हवं, हे तर झालंच. त्यानंतर घरच्या घरी बघण्यासारखं बरंच आहे. खांदे न वळवता, फक्त मान फिरवून दोन्ही बाजूंना मागचं दिसतं का? भिंतीला हात टेकवून पुशअप्स मारताना दुखतं का? आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे उजवीकडे वळताना उजव्या खांद्यावरून मागे बघायचं, उजवा हात बाहेर काढायचा आणि हँडल एकट्या डाव्या हातावर. म्हणजे कॉलरबोन डावी मोडली असेल तर नेमका चौकाच्या मधोमध सगळा भार दुखऱ्या खांद्यावर! शिवाय आपल्या सायकलींना पुढचा ब्रेक बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे त्या क्षणी हाताशी फक्त मागचा. हे पार्किंगमध्ये पंचवीस वेळा करून बघा. जमलं तर रस्ता. पेनकिलर घेऊन जमलं, तर ते जमलं नाही. गोळीने दुखणं झाकतं आणि तुम्हाला थांबवणारा एकमेव सिग्नलच बंद पडतो.

बोटांना मुंग्या येत असतील तर जरा लक्ष द्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर बरेचदा तळहात हँडलवर दाबला जाण्याचा तो परिणाम असतो. पण अंगठ्याकडे किंवा मधल्या बोटाकडे मुंग्या उतरतायत, सोबत मान दुखतेय, तर मानेतली नस दबलेली असू शकते. हातातली ताकद गेली, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं, तर सायकल, ऑफिस सगळं सोडून त्याच दिवशी डॉक्टर. इथे घरगुती उपाय नकोत.

सायकलमधले बदल मात्र सोपे आहेत आणि मेकॅनिक तासाभरात करून देतो. हँडल उंच करायचं, स्टेम आखूड लावायचा, म्हणजे पाठ थोडी उभी होते आणि मानेला वर बघावं लागत नाही. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर सरळ करून घ्या; नाहीतर अंग सारखं पुढे घसरतं आणि ते रोखतात कोण? बिचारे हात! टायर रुंद घाला. जुन्या रोड बाइकचे २३ एमएमचे दगडासारखे टणक टायर आणि आपले रस्ते, हा संसार तसाही टिकणारा नव्हता. आणि कोपर थोडं वाकलेलं ठेवा. ताठ हाताने खड्ड्यात गेलात की तो खड्डा थेट मानेत येतो. हेल्मेट आपटलं असेल तर वरून कितीही अखंड दिसो, बदला. आतला फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही.

माझ्या मैत्रिणीने सुरुवात घरातच केली. ट्रेनरवर, ताठ बसून, हँडलला हात न लावता, वीस मिनिटं. आईचा त्याला आक्षेप नव्हता, कारण ‘घरात काय पडणार?’ रस्त्यावर ती आली चौथ्या महिन्यात. तेही काकांच्या जुन्या, काळ्या, उंच हँडलच्या सायकलवरून. तिच्या ग्रुपने यथेच्छ चेष्टा केली. पण दूधवाल्याची म्हणून आपण हसतो त्या सायकलवर माणूस किती सरळ बसतो, ते एकदा बघाच. भीती खांद्यात नव्हती, डोक्यात होती. चेंबरचं झाकण दिसलं की ती उतरून चालायची. कोरड्या रस्त्यावरसुद्धा. दोन आठवडे गेले आणि एक दिवस न उतरता वळसा घालून पुढे गेली.

हल्ली ती पाषाणपर्यंत जाऊन येते, आठवड्यातून तीनदा. हिंजवडीला अजून कॅबच. रोड बाइक हँडल उंच करून तयार आहे, सिंहगड मात्र दिवाळीनंतर, असं फिजिओ म्हणतात. हँडलला उजवीकडे एक छोटा आरसा आलाय, म्हणजे मान कमी वळवावी लागते. तो आणलाय आईने. ‘विकत नाहीयेस ना, मग मागचं तरी नीट दिसू दे’, म्हणाली.